बांधकाम परवानगी
(महाराष्ट्र). भूखंडावर घर बांधण्यापूर्वी नियोजन प्राधिकरणाकडून घ्यावी लागणारी लेखी संमती. तिचा आधार ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ हा कायदा होय. नगररचनेचा कायदा मुंबई इलाख्यात १९१५ पासूनच होता.

जमिनीचा वापर विकास आराखड्यातील विभागावरून ठरतो. नकाशात निवासी विभाग पिवळा, शेतीचा हिरवा. सातबाऱ्यावर नाव असले म्हणजे घर बांधता येते, हा समज मात्र अद्याप टिकून आहे.

डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभर एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. चटईक्षेत्र निर्देशांक, सामासिक अंतर, उंची यांची बंधने तीत आहेत. १५० चौ.मी.पर्यंतच्या भूखंडावरील लहान घरासाठी तीत प्रक्रिया बरीच सोपी केली आहे. एरवी वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत नकाशे सादर होतात. बाह्य स्वरूप फारसे न बदलणाऱ्या डागडुजीला परवानगी लागत नाही. गच्चीवर चढवलेली खोली मात्र डागडुजीत मोडत नाही.

जोत्यापर्यंत काम झाल्यावर तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, असा क्रम असतो. हे प्रमाणपत्र न घेताच राहायला जाण्याची सवय महाराष्ट्रात जुनी आहे. तिचा फटका पुढे घर विकताना बसतो.

शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून झालेल्या वसाहतींसाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली.