हिवाळ्याविना सरासरी : अमेरिकेतील मोटारींच्या इंधन-मोजमापात थंडीचे स्थान

प्रस्तावना

मोटारगाडी विकत घेताना आपल्याकडे विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ हा असतो. एका लिटरमध्ये किती किलोमीटर, एवढाच त्याचा व्यवहारातील अर्थ होय. तथापि मायलेजला आपल्या बोलीने ‘ॲव्हरेज’ म्हणावे, यात नकळत एक मार्मिक जाण व्यक्त झाली आहे. सरासरी ही नेहमी कशाची तरी सरासरी असते. कोणते रस्ते, कोणता वेग आणि कोणता ऋतू तिच्यात धरावयाचा व कोणता वगळावयाचा, हे कोणीतरी ठरविलेले असते.

प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अशा एका निर्णयाचा इतिहास पाहावयाचा आहे. कडक हिवाळ्यात गाडीला इंधन अधिक लागते, हे तेथील उत्तरेकडील राज्यांतील प्रत्येक वाहनधारकास ठाऊक होते. असे असूनही गाडीच्या काचेवर चिकटविलेल्या सरकारी आकड्यात हिवाळ्याला तीन दशकांहून अधिक काळ जागा मिळाली नाही. ती मिळाली तेव्हाही इंधनाच्या मार्गाने नव्हे, तर धुराच्या मार्गाने मिळाली, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

थंडीत इंधन अधिक का लागते?

इतिहासाकडे वळण्यापूर्वी मूळ कारणे समजून घेणे आवश्यक आहे. इंजिन ठरावीक तापमानाला पोहोचल्यावरच नीट काम करते. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीतील वंगणाचे तेल थंडीने घट्ट झालेले असते व ते हलविण्यातच काही शक्ती खर्ची पडते. थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ सहज होत नाही. म्हणून इंजिन चालू राहावे यासाठी हवेच्या प्रमाणात जास्त पेट्रोल सोडावे लागते. कार्ब्युरेटरच्या काळात हे काम चोक करीत असे, पुढे ते इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाकडे आले. साधन बदलले तरी गरज कायम राहिली. या जादा पेट्रोलचा काही भाग पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. ही बाब वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढील सारा इतिहास तिच्याभोवतीच फिरतो.

इतर कारणेही आहेत. थंड हवा अधिक दाट असते. २५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत उणे ७ अंशांना हवेची घनता सुमारे १२ टक्क्यांनी वाढते व वेगात जाणाऱ्या गाडीला तेवढाच जास्त विरोध होतो. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब साधारणतः एक पौंडाने घटतो. काचेवरील बर्फ वितळविणे, आसने उबदार ठेवणे यांचा भार शेवटी इंजिनवरच पडतो. गाडी तापावी म्हणून जागच्या जागी इंजिन चालू ठेवले तर त्या वेळेचे ॲव्हरेज शून्य होय. शिवाय हिवाळ्यात मिळणारे पेट्रोलच निराळे असते. थंडीत त्याची वाफ व्हावी यासाठी त्यात ब्यूटेनसारखे हलके घटक अधिक ठेवतात, त्यामुळे उन्हाळी पेट्रोलच्या तुलनेत त्यातील ऊर्जा सरासरीने दीड-दोन टक्क्यांनी कमी भरते.

अमेरिकन ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार, शहरात चालणाऱ्या साध्या पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज २५ अंशांच्या मानाने उणे ७ अंशांना सुमारे १५ टक्क्यांनी कमी होते. पाच-सहा किलोमीटरच्या छोट्या फेरीत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाते, कारण गाडी पुरती तापण्याच्या आतच फेरी संपलेली असते. हायब्रीड गाड्यांत ती ३० ते ३४ टक्के इतकी असू शकते.

जनसामान्यांनी यावर आपापले उपाय शोधले होते. नॉर्थ डाकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्स येथे वीज सहकारी संस्थेचे काम पाहणारे अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४० च्या दशकात इंजिनच्या एका बोल्टच्या जागी बसणारा विजेचा हीटर तयार केला व १९४९ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. आजही अलास्कातील फेअरबँक्ससारख्या गावी वाहनतळांवर गाड्यांसाठी विजेचे प्लग आढळतात. म्हणजे हिवाळ्याचा हिशेब लोकव्यवहारात होताच. तो नव्हता तो सरकारी कागदावर.

लॉस एंजेलिसचा रस्ता

गाडीची सरकारी चाचणी मुळात इंधनासाठी निर्माण झालीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लॉस एंजेलिस शहरावर डोळ्यांना झोंबणारे धुरके उतरू लागले. डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी त्याचा संबंध वाहने व तेलशुद्धीकरण यांतून निघणाऱ्या वायूंशी आणि सूर्यप्रकाशाशी जोडून दाखविला. गाडी किती धूर सोडते हे मोजण्यासाठी लोक गाडी कशी चालवितात याचा नमुना हवा होता, आणि तो साहजिकच त्याच शहराच्या रस्त्यावरून घेतला गेला.

१९७० मध्ये ईपीए या नावाने ओळखली जाणारी पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली. तिने १९७२ च्या सुमारास जी राष्ट्रीय चाचणी रूढ केली तिचा पाया हाच रस्ता होता. १,३७२ सेकंद, सुमारे १२ किलोमीटर, सरासरी वेग ताशी साडेएकतीस किलोमीटर व कमाल वेग ताशी ९१ किलोमीटर, असा हा प्रवास गाडीने प्रयोगशाळेतील फिरत्या रोलरवर करावयाचा. रोलरवर चाक घसरू नये म्हणून वेग वाढविण्याचे प्रमाणही प्रत्यक्षापेक्षा सौम्य ठेवले गेले.

या चाचणीपूर्वी गाडी किमान १२ तास बंद ठेवावी लागे व त्यानंतरच्या पहिल्या टप्प्यास ‘थंड सुरुवात’ असे नाव होते. मात्र ज्या खोलीत ती उभी राही त्या खोलीचे तापमान २० ते ३० अंश सेल्सिअस असे. पुण्यातील सुखद सकाळ म्हणावी असे हे तापमान! मिनेसोटातील जानेवारीशी या थंडीचे नावापलीकडे कोणतेही साम्य नव्हते. तथापि यात कोणाचे कारस्थान शोधणे अनैतिहासिक ठरेल. धुरके ही सूर्यप्रकाशातील समस्या होती आणि तिच्या मापनासाठी उबदार खोली योग्यच होती. खरी अडचण पुढे उद्भवली, जेव्हा त्याच खोलीला दुसरेच काम सांगण्यात आले.

तेलसंकट आणि गोठलेली चाचणी

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल-उत्पादक राष्ट्रांनी अमेरिकेला होणारा पुरवठा रोखला आणि इंधनाचा प्रश्न एकाएकी राष्ट्रीय झाला. जानेवारी १९७४ मध्ये महामार्गांवरील कमाल वेग ताशी ५५ मैलांवर आणण्यात आला. २२ डिसेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ऊर्जा धोरण व संवर्धन कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने उत्पादकाच्या सर्व मोटारींचे मिळून सरासरी ॲव्हरेज १९७८ मध्ये गॅलनला १८ मैल व १९८५ पर्यंत साडेसत्तावीस मैल, म्हणजे लिटरला सुमारे पावणेबारा किलोमीटर, असावे असे बंधन घातले. तसेच नव्या गाडीवर इंधन-खर्चाचे लेबल लावणे सक्तीचे केले.

हे ॲव्हरेज मोजावयाचे कशाने? हाताशी धुराची चाचणी तयार होती. सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या वायूंतील एकूण कार्बन मोजला की किती पेट्रोल जळले हे गणिताने काढता येते. तिला महामार्गाची एक चाचणी जोडून शहरासाठी ५५ व महामार्गासाठी ४५ टक्के वजन देण्यात आले. आणि येथेच या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य कायद्यात आले : मोटारींचे मोजमाप १९७५ सालच्या पद्धतीनेच, अथवा तिच्याशी तुल्य निष्कर्ष देणाऱ्या पद्धतीने व्हावे. सरकारने चाचणी कडक करून मागल्या दाराने उद्दिष्ट वाढवू नये, ही उत्पादकांच्या दृष्टीने रास्त अपेक्षा होती. परंतु त्यायोगे लॉस एंजेलिसची हवा कायद्यात कायमची कोरली गेली. उत्पादकांना लागू होणारे हे मोजमाप आजही त्याच दोन चाचण्यांवर उभे आहे. ग्राहकाच्या लेबलावरील आकडा मात्र पुढे त्यापासून वेगळा झाला.

१९८४ ची वजाबाकी

लेबलावरील आकडा प्रत्यक्षात मिळत नाही, ही तक्रार लवकरच सार्वत्रिक झाली. ‘तुमचे ॲव्हरेज वेगळे असू शकते’ या अर्थाची सूचना जाहिरातींतून इतकी छापली गेली की ती इंग्रजीत वाक्प्रचार होऊन बसली. १९८४ मध्ये ईपीएने यावर जो तोडगा काढला तो शुद्ध अंकगणिती होता. चाचणी तशीच ठेवून १९८५ च्या मॉडेलपासून शहराच्या आकड्यातून १० टक्के व महामार्गाच्या आकड्यातून २२ टक्के वजा करावेत, असे ठरले.

ही वजाबाकी सर्व गाड्यांना सरसकट लागू होती. थंडीत एखाद्या गाडीचे नुकसान अधिक व दुसरीचे कमी होत असेल, तर तो भेद तिच्यात कोठेही दिसत नव्हता. ज्या उत्पादकाने आपले इंजिन थंडीत चटकन तापावे म्हणून परिश्रम घेतले असतील, त्याला लेबलावर त्याचे श्रेय मिळण्याची सोयही नव्हती. सरसकट वजाबाकीने आकडा खाली आला, पण हिवाळा मोजला गेला नाही. प्रस्तुत लेखकास हा या व्यवस्थेचा सर्वांत गंभीर दोष वाटतो. फसवणुकीच्या तक्रारींच्या गदारोळात त्याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

धुरामागून आलेला हिवाळा

दरम्यान उत्तरेकडील शहरांत निराळाच प्रश्न तीव्र झाला होता. डेन्व्हर, मिनिॲपोलिस, अँकरेज, फेअरबँक्स या ठिकाणी कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण हिवाळ्यातच मर्यादा ओलांडीत असे. उबदार खोलीत उत्तीर्ण झालेली गाडी गोठत्या सकाळी वेगळीच वागत होती, आणि त्याचे कारण वर सांगितलेले जादा पेट्रोल हेच होते. १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीने उणे ७ अंश सेल्सिअस तापमानास कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा मैलाला १० ग्रॅम अशी निश्चित केली व १९९४ च्या मॉडेलपासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. अशा रीतीने गाडी खऱ्या अर्थाने थंड खोलीत गेली.

आता येथे थोडे थांबले पाहिजे. ज्या वायूंवरून कार्बन मोनॉक्साइड मोजावयाचा, त्याच वायूंवरून किती पेट्रोल जळले हेही काढता येते. म्हणजेच थंडीतील ॲव्हरेज समजण्यासाठी लागणारी सामग्री १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चाचणीगृहात तयार होत होती. ती श्वसनाच्या विषासाठी वापरली गेली. ग्राहकाच्या खिशासाठी ती वापरावी असे बंधन मात्र कोणत्याही कायद्यात नव्हते. एकाच इंजिनातील एकाच दोषाचे दोन परिणाम, पण त्यांपैकी एकाचाच जाब विचारला जात होता.

२००६ चा नियम

बदलास निमित्त झाले ते २००२ मध्ये ब्लूवॉटर नेटवर्क या पर्यावरणवादी संघटनेने ईपीएकडे केलेल्या अर्जाचे. पुढे पेट्रोलचे भाव चढले, हायब्रीड गाड्या आल्या आणि त्यांच्या लेबलावरील व रस्त्यावरील आकड्यांतील अंतर डोळ्यांत भरू लागले. २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने लेबलाची पद्धत सुधारण्याचा आदेश दिला. त्यानुसार डिसेंबर २००६ मध्ये अंतिम नियम आला व २००८ च्या मॉडेलपासून अमलात आला. जुन्या दोन चाचण्यांना वेगवान चालविण्याची, वातानुकूलन चालू ठेवून ३५ अंशांना करावयाची आणि उणे ७ अंशांची, अशा तीन चाचण्या जोडल्या गेल्या. या तीनही चाचण्या धुराच्या नियमनासाठी आधीच अस्तित्वात होत्या.

नव्या हिशेबाने शहराचे आकडे सरासरीने १२ व महामार्गाचे ८ टक्क्यांनी उतरले. टोयोटा प्रियसच्या २००७ च्या मॉडेलचा शहरातील आकडा जुन्या पद्धतीने गॅलनला ६० मैल होता, तो नव्या पद्धतीने ४८ झाला. गाडी तीच, रस्ते तेच. बदलला तो सरासरीत धरलेला ऋतू व वेग.

तथापि हिवाळ्याला मिळालेली जागा पूर्ण नव्हती. शहराच्या सूत्रात इंजिन सुरू करण्यास लागणाऱ्या इंधनापैकी थंड सुरुवातीला सुमारे पाव वजन व उबदार सुरुवातीला उरलेले पाऊण वजन देण्यात आले. मायामीच्या आणि फेअरबँक्सच्या ग्राहकास एकच आकडा दाखवावयाचा म्हटल्यावर अशी तडजोड अपरिहार्य होती. शिवाय पहिली तीन वर्षे उत्पादकांना पाचही चाचण्यांऐवजी जुन्या दोन चाचण्यांवरून समीकरणाने आकडा काढण्याची मुभा होती आणि त्यानंतरही ठरावीक अटींवर ती राहिली. त्यामुळे अनेक गाड्यांच्या लेबलावर आलेला हिवाळा त्या विशिष्ट गाडीचा नसून समीकरणातील सर्वसाधारण हिवाळा आहे.

अन्य देश

युरोपातही मार्ग धुरावरूनच गेला. उणे ७ अंशांची चाचणी तेथे शतकाच्या आरंभी आली ती कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांच्यासाठी. इंधनाचे मोजमाप २० ते ३० अंशांतच होत राहिले. २०१७ पासून लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी पद्धतीत मूळ चाचणी २३ अंशांना असून, युरोपच्या सर्वसाधारण हवामानाशी मेळ घालण्यासाठी १४ अंशांची दुरुस्ती जोडली आहे. फिनलंडच्या रहिवाशाला १४ अंश ही कितपत थंडी वाटेल, हा प्रश्न निराळा.

सर्वांत विलक्षण उदाहरण कॅनडाचे आहे. ज्या देशाचा हिवाळा अमेरिकेपेक्षाही कडक, तेथे ग्राहकासाठीचे आकडे २०१४ च्या मॉडेलपर्यंत जुन्या दोन चाचण्यांवरच काढले जात होते. पाच चाचण्यांची पद्धत तेथे २०१५ च्या मॉडेलपासून, अमेरिकेनंतर सात वर्षांनी, स्वीकारली गेली. दरम्यानच्या काळात एकच गाडी सीमेच्या दक्षिणेस काटकसरी आणि उत्तरेस, जेथे बर्फ अधिक, तेथे त्याहूनही काटकसरी ठरत होती.

विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बाबतीत थंडीचा प्रश्न अधिक तीव्र आहे, कारण इंजिनची फुकट उष्णता तेथे उपलब्ध नसते आणि आतील ऊब थेट बॅटरीतून घ्यावी लागते. अमेरिकेत अशा गाडीचा एका चार्जमधील पल्ला काढताना पाच चाचण्यांचा पर्याय खुला आहे. तो न घेतल्यास जुन्या दोन चाचण्यांच्या निष्कर्षास ०.७ ने गुणले जाते. १९८४ ची वजाबाकी ती हीच.