पालीचा वर्ग कोणी चालवला?

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, ही गोष्ट आपल्या सभांतून इतक्यांदा सांगितली जाते की ती ऐकताना आता कोणी मान वर करीत नाही. एल्फिन्स्टन हायस्कूलमधील संस्कृतच्या शिक्षकाने अस्पृश्याच्या मुलाला शिकविण्यास नकार दिला. मग त्यांना फारसी घ्यावी लागली आणि १९१२ साली ते इंग्रजी व फारसी घेऊन बी.ए. झाले. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने मिळविले. या हकिकतीत नकार देणारा शिक्षक आपल्याला लख्ख दिसतो. ज्याने या मुलाला आपल्या वर्गात बसविले, त्या फारसीच्या शिक्षकाचा मात्र आपण कधी विचार करीत नाही. जुनी भाषा ग्रंथालयात सुरक्षित असते हे खरे. पण ती एका पिढीकडून दुसरीकडे जाते ती कोणीतरी वर्ग उघडतो म्हणून. या लेखात मला अशा वर्ग उघडणाऱ्यांविषयी लिहायचे आहे, आणि तेही माझ्या भंडारा जिल्ह्यातल्या पालीच्या वर्गांविषयी.

आधी स्वतःचे सांगतो. माय बिड्या वळायची, बाबा रोजीने धानाच्या बांधीत जायचे. घरात पदवी घेणारा मी पहिला. २००० साली आठवीत मी संस्कृतसाठी नाव दिले. एका गुरुजींनी यादीवरून बोट फिरविले, माझ्या आडनावाशी थांबले आणि म्हणाले, 'तुला झेपायचं नाही बेटा, हिंदीच घे.' शंभर वर्षांपूर्वी नकार होता, आता प्रेमळ सल्ला होता. मी हिंदी घेतली. अकरावीत गेल्यावर पालीचा वर्ग असल्याचे कळले. पाली शिकविणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. एका तासाचे पैसे घेत आणि तीन तास शिकवीत. आज मीही तासिका तत्त्वावरच पाली शिकवतो. तेव्हा या लेखात तटस्थतेचा आव मी आणणार नाही.

महाराष्ट्रात पाली आली कशी, हे आपल्या विद्यार्थ्यांना विचारले तर बहुतेक जण १९५६ सांगतात. ते अर्धेच खरे आहे. गोव्यातील साखवळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी घर सोडले, सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकली आणि ती परत आणली. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. महाराष्ट्रातल्या शहरात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे, एवढीच अट होती. १९१२ ते १९१८ या काळात कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. त्यांच्या हाताखालून पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत असे विद्वान तयार झाले, आणि या मंडळींनी पुढे पुस्तके केली, वर्ग चालविले. मुंबई विद्यापीठाच्या अभिजात भाषांच्या पंगतीत लॅटिन, संस्कृत, फारसी यांच्या बाजूला पालीला पाट मिळाला तो त्या काळात.

या मंडळींचे ऋण मान्य करावे लागते. कोसंबींनी १९३७ च्या सुमारास मुंबईत परळच्या कामगार वस्तीत 'बहुजन विहार' उभारला, हेही विसरू नये. पण त्यांचा फर्ग्युसनमधला वर्ग डोळ्यांसमोर आणा. तिथे पाली शिकायला येणाऱ्याला संस्कृत आधीच येत होते. पालीचे व्याकरण संस्कृतच्या आधाराने शिकविले जाई: संस्कृतमध्ये 'धर्म', पालीत 'धम्म'; संस्कृतमध्ये 'सर्व', पालीत 'सब्ब'. म्हणजे पालीच्या दारातही संस्कृतचा उंबरा होता. ज्याच्या बापजाद्यांनी तो ओलांडला नव्हता त्याने काय करावे, याचे उत्तर त्या पुस्तकांत नव्हते.

ते उत्तर शोधण्याचे काम बाबासाहेबांनी हाती घेतले. त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. ही नावे पाहा. मिलिंद हे तर एका पाली ग्रंथातल्या प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव. ग्रामीण, गरीब, अस्पृश्य मुलांच्या महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव द्यावे, ही निवड साधी नाही. आणि इतक्या व्यापात बाबासाहेब स्वतः पालीचा कोश आणि व्याकरण तयार करीत होते. महाराष्ट्र शासनाने ते त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केले. त्या कोशात पाली शब्दाचा अर्थ इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती आणि हिंदीतही दिला आहे. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. संस्कृत न येणाऱ्या मुलासाठी हा कोश आहे. ज्याला आठवीत 'झेपायचं नाही' असे सांगितले गेले, त्याच्यासाठी आहे.

भंडाऱ्याशी बाबासाहेबांचा संबंध आपण १९५४ च्या पोटनिवडणुकीपुरता सांगतो. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. ते इथून लोकसभेसाठी उभे राहिले आणि हरले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, याच जिल्ह्यातून माणसांचे थवे पायी, बैलगाडीने, रेल्वेने नागपूरला गेले. परत येताना त्यांच्या तोंडी त्रिसरण आणि पंचशील होते. पिढ्यान् पिढ्या ज्यांना पवित्र मानलेला शब्द ऐकण्याचीही बंदी होती, त्यांच्या झोपडीत एका रात्रीत एक प्राचीन भाषा राहायला आली. जगाच्या इतिहासात असे फारसे घडलेले नाही. मात्र ती भाषा तोंडी आली, हातात आली नाही. तोंडात आलेल्या शब्दाचा अर्थ सांगणारा माणूस गावात नव्हता.

तो माणूस तयार व्हायला वेळ लागला. १९६४ साली दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकर महाविद्यालय निघाले. नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृत विभाग उभा राहिला. तिथे भागचंद्र जैन 'भास्कर' यांच्यासारख्या जैन पंडिताने आमच्या मुलांना पाली शिकविली. भदन्त आनंद कौसल्यायन अखेरच्या काळात नागपूरलाच राहिले, १९८८ साली तिथेच वारले. त्यांचा पाली-हिंदी कोश आजही आमच्या टेबलावर असतो. मूळ ग्रंथ नागरी लिपीत मिळणेही कठीण होते. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने १८८१ पासून ग्रंथ छापले, पण ते रोमन लिपीत. भिक्खू जगदीश काश्यपांनी नालंदाहून नागरी त्रिपिटकाचे ४१ खंड काढले, तेव्हा आमच्या वाचनाची सोय झाली.

आता आमची मंडळी. तिला नाव नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. भंडारा आणि १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया, या दोन जिल्ह्यांतले पाली शिकविणारे आम्ही काही जण महिन्यातून एका रविवारी एखाद्या विहारात बसतो. कायम नोकरीवाले थोडे, तासिकावाले जास्त, दोघे निवृत्त. प्राध्यापकांच्या मोठ्या संघटना वेतनासाठी लढल्या आणि त्या लढ्यांची फळे सर्वांनी खाल्ली, हे खरे. पण एखाद्या महाविद्यालयात पालीला मुले कमी पडली म्हणून विषयच बंद होतो, तेव्हा ते कोणाच्या मागणीपत्रकात बसत नाही. ते काम आमच्या मंडळीने अंगावर घेतले आहे.

काम अगदी साधे आहे. जून महिन्यात प्रवेश सुरू झाले की आम्ही गावोगाव फिरतो. गेल्या वर्षी लाखांदूरकडच्या एका गावात एक माउली मला म्हणाली, 'पाली घेऊन पोट्टी का करन जी, सर? नोकरी लागन का?' खोटे बोलवेना. लागेलच असे नाही, असे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, 'मंग तुमाले कशी लागली?' तासिका तत्त्व म्हणजे काय हे तिला समजावून सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. पोरगी मात्र वर्गात आली.

नोकरीचा प्रश्न आहेच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत पाली साहित्य हा ऐच्छिक विषय होता, तो २०१३ साली काढून टाकला गेला. पाली घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, संस्कृत आहे. त्यानंतर वर्गांवर झालेला परिणाम आम्ही डोळ्यांनी पाहिला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. दुसऱ्या दिवशी वर्गात तेवढीच मुले होती आणि तासाचा दरही तोच होता.

आपले दुःख एकट्याचे नसते, म्हणून बाहेरच्या जगाकडेही पाहावे. इंग्लंडात लॅटिन ही सत्तेची भाषा होती. १९६० पर्यंत ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या दारात तिची सक्ती होती. सक्ती उठली, तसे लॅटिनचे वर्ग ओस पडू लागले, आणि तिथल्या शिक्षकांनी १९६२ साली आपली संयुक्त संघटना बांधली, अभ्यासक्रम नव्याने रचला, सामान्य शाळांतल्या मुलांना आवडेल असे पाठ्यपुस्तक १९७० साली आणले. दारावरचा पहारेकरी गेला तेव्हा कुठे तिथल्या शिक्षकांना पाहुणचार शिकावा लागला. आमच्या पालीला पहारेकरी कधी मिळालाच नाही. तिला पहिल्या दिवसापासून माणसे गोळा करावी लागली.

मला अधिक जवळचा वाटतो तो अमेरिकेतला विल्यम सँडर्स स्कारबरो. १८५२ साली जॉर्जियात गुलाम म्हणून जन्मला. काळ्या मुलाने अक्षर शिकणे हा तिथे गुन्हा होता. तो चोरून शिकला. ग्रीक व्याकरण जाणणारा काळा माणूस दाखवा, मग त्याला माणूस मानू, असे एक गोरा पुढारी म्हणाल्याचे सांगितले जाते. स्कारबरोने १८८१ साली ग्रीक शिकविण्याचे पाठ्यपुस्तकच लिहिले, आणि पुढच्या वर्षी तो अमेरिकेतल्या भाषापंडितांच्या संघटनेचा सभासद झाला. आपल्या दलित साहित्याने काळ्या कवींशी नाते जोडले, ते योग्यच. या व्याकरणकाराशीही आपले नाते आहे. त्याचा विद्रोह नाम आणि क्रियापदाच्या तक्त्यांत आहे, म्हणून तो आपल्या नजरेतून सुटतो.

आमच्यातले दोषही सांगितले पाहिजेत. पाली म्हणजे गुण मिळवून देणारा विषय, अशी तिची ख्याती आम्हीच होऊ दिली. गाईड पाठ करा, मराठीत उत्तरे लिहा, पास व्हा. पालीचे एक वाक्य स्वतः सोडविता न येणारे पालीचे पदवीधर आहेत आणि त्यांतले काही शिकवतही आहेत. बैठकीत हा विषय काढला की आवाज चढतात. एका ज्येष्ठ सरांचे म्हणणे, 'मुले आहेत तोवर वर्ग आहे, कठीण केलेस तर दोन्ही जातील.' त्यांचे भय खोटे नाही. पण अर्थ न कळता म्हटलेले वंदनसूत्र आणि अर्थ न कळता ऐकलेला मंत्र यांत फरक तो काय उरला? आपण दुसऱ्यांच्या भटजीपासून सुटलो आणि आपल्यातला भटजी तयार केला, असे व्हायला नको. म्हणून गेल्या तीन वर्षांपासून मंडळीने रविवारच्या बैठकीला व्याकरणाचा एक तास जोडला आहे. बाहेरच्यांनाही मुभा आहे. एक शिवणकाम करणाऱ्या ताई येतात, एक निवृत्त पोस्टमन येतात. विभक्ती त्यांनाच लवकर समजतात, प्राध्यापकांना उशिरा.

या तासाला आम्ही पवनीचा उपयोग करतो. वैनगंगेकाठचे पवनी आमच्याच जिल्ह्यात. वा. वि. मिराशींनी तिथल्या भार राजा भगदत्ताच्या शिलालेखाचे वाचन फार पूर्वी प्रसिद्ध केले होते. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी मिळून तिथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली मोठा स्तूप निघाला, शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांचा अहवाल १९७२ साली आला. दगडांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लेख आहेत. एका शिल्पावर मुचलिंद नागाचे नाव कोरलेले आहे. ज्या भूमीला बाबासाहेबांनी नागांची भूमी म्हटले, तिच्यातच नाग निघाला. ही प्राकृत पालीची सख्खी बहीण. पाली येणाऱ्याला ती थोड्या खटपटीने वाचता येते.

अलीकडेच एका रविवारी मी त्यातला एक दानलेख फळ्यावर नागरीत उतरवून दिला. दान देणारीचे नाव विसमिता. 'विसमिताय' म्हणजे विसमितेचे, इथपर्यंत मुले पोचली. 'कञ्ञाय' हे रूप त्यांनी घोकलेले होते. पुढचे 'सव सतानं' कोणाला लागेना. जुन्या ब्राह्मीत जोडाक्षर दुहेरी लिहीत नाहीत, एवढेच मी सांगितले. लाखांदूरकडची ती पोरगी उठली, फळ्यापाशी आली, 'सव' मध्ये एक अक्षर वाढवून तिने 'सब्ब' केले, 'सत' चे 'सत्त' केले, आणि आपल्याशीच पुटपुटली, 'सब्बे सत्ता... हे तर आजी रोज म्हणते.' सर्व सत्त्वांच्या सुखासाठी, असा तिने अर्थ सांगितला. मागून पोस्टमन काकांनी विचारले की ही विसमिता कोणाची कोण, बापाचे-नवऱ्याचे नाव का नाही. आम्ही पुन्हा लेख पाहिला. फळ्यावर तिचे एकटीचेच नाव होते. त्यावर वाद सुरू झाला तो चहा थंड होईपर्यंत चालला, आणि व्याकरणाचा पुढचा पाठ राहून गेला. तो या रविवारी घ्यायचा आहे.