जीपचा पुढचा एक्सल मोकळा कसा झाला

दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असत. त्यांतला एक हलवला की ट्रान्सफर केसमधून, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीतून, पुढच्या चाकांकडे जाणारी ताकद बंद होई.

ही सोय हवीच होती. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, पण फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले. चिखलात चाक थोडं घसरतं आणि फरक निघून जातो. डांबरावर मात्र तो ताण गिअरच्या दातांवर आणि टायरवर येतो.

तरीही दांड्याने अर्धंच काम व्हायचं. रस्त्यावर फिरणारी पुढची चाकं आतले शाफ्ट, डिफरन्शियल आणि प्रोपेलर शाफ्ट फुकट फिरवत राहायची. आघाडीवर याची फिकीर कोणी केली नाही. युद्ध संपून या गाड्या सामान्य लोकांच्या हाती आल्या, रोज सडकेवर धावू लागल्या, तेव्हा पेट्रोल आणि झीज खुपू लागली.

1948 साली अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी यावर उपाय आणला: चाकाच्या हबमध्येच सुटणारी जोड. हब मोकळा केला की चाक एकटंच फिरतं. अडचण एवढीच, की तो पुन्हा जोडायला खाली उतरावं लागे, आणि गरज पडे ती नेमकी चिखलात.

1984 च्या जीप चेरोकीत ही जोड एक्सलच्या आत होती. एका बाजूचा शाफ्ट दोन तुकड्यांत, मध्ये सरकती कडी; ती सरकवायला इंजिनचा व्हॅक्यूम. एकच बाजू तोडायची, तरी प्रोपेलर शाफ्ट थांबतो, कारण डिफरन्शियलचे छोटे गिअरच तेवढे जागच्या जागी फिरतात. या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी युक्ती हीच. घात केला तो व्हॅक्यूमच्या नळ्यांनी: त्या गळू लागल्या की दांडा पडे, पण पुढचा एक्सल जोडला जात नसे. 2018 च्या जीप रँग्लरमध्ये हीच कल्पना विजेच्या मोटरसह परतली.

विलिसच्या जीप जुळवून गाड्यांच्या धंद्यात उतरलेल्या महिंद्राने नाशिकला बनणाऱ्या 2020 च्या थारमध्येही पुढच्या एक्सलला विजेवर सुटणारी जोड दिली. पुढच्या-मागच्या शाफ्टमधला फरक सामावून घेणारं मधलं डिफरन्शियल थारलाही नाही. म्हणून थारवाल्यांनो, घाटातला चिखल संपून कोरडं डांबर लागलं की आधी टू-व्हीलवर या.