दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे संशोधनलेखन

दामोदर धर्मानंद कोसंबी (३१ जुलै १९०७, कोसबे, गोवा – २९ जून १९६६, पुणे) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, नाणकशास्त्रज्ञ व इतिहासकार होते. बौद्ध धर्म व पाली भाषेचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनी बनारस, अलिगढ, पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथे काम केले. त्यांचे लेखन अनेक विद्याशाखांत विखुरलेले असल्यामुळे त्याचा प्रभाव केवळ उद्धरणांच्या संख्येवरून मोजणे कठीण ठरते.

गणित

त्यांचा पहिला शोधनिबंध १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. १९३१ च्या एका निबंधात त्यांनी बूरबाकी नावाच्या काल्पनिक रशियन गणितज्ञाचा हवाला दिला. पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या गटाने हेच नाव धारण केले. छापील गणितलेखात ते प्रथम आले ते येथे. १९३३ मध्ये जर्मन नियतकालिकात आलेल्या त्यांच्या भूमितीविषयक निबंधाला एली कार्तां यांनी टिपण जोडले. १९३९ मध्ये शीइंग-शेन चर्न यांनी त्या विषयात भर घातली. हा सिद्धान्त आज कोसंबी–कार्तां–चर्न या नावाने ओळखला जातो.

१९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी यादृच्छिक फलांचा परस्परस्वतंत्र घटकांत विस्तार करण्याची रीत मांडली. कारी कारहुनेन व मिशेल लोएव्ह यांनी ती काही वर्षांनी स्वतंत्रपणे शोधली. प्रतिमांचे संक्षेपण व चेहरा ओळखणे यांसाठी वापरली जाणारी ही रीत बहुतेक ग्रंथांत कारहुनेन–लोएव्ह याच नावाने येते. आरंभी कोसंबींचे नाव जोडण्याचा प्रघात त्या मानाने नवा आहे.

जनुकशास्त्र

गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर पुनःसंयोजनाच्या प्रमाणावरून काढण्याचे कोसंबींचे सूत्र १९४४ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. एका ठिकाणी अदलाबदल झाली, की जवळच दुसरी होण्याची शक्यता घटते, ही बाब हाल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात धरलेली नव्हती; कोसंबींनी ती धरली. पुनःसंयोजन २० टक्के असल्यास हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन येते, तर कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. पिकांचे जनुकनकाशे तयार करणाऱ्या संगणक-प्रणालींत हे सूत्र अंगभूत असते. त्यामुळे अनेक निबंधांत सूत्राचे नाव येते, पण मूळ लेख संदर्भसूचीत नसतो.

नाणकशास्त्र, संस्कृत व इतिहास

नाणे चलनात फिरताना झिजते. या साध्या गोष्टीवरून त्यांनी आहत नाण्यांच्या वजनांचा संख्याशास्त्रीय अभ्यास केला आणि नाण्यांचा कालक्रम लावण्याची पद्धत दिली. भर्तृहरीच्या नावावरील सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ मध्ये सिद्ध केली. वा. वि. गोखले यांच्यासह संपादिलेला ‘सुभाषितरत्नकोश’ १९५७ मध्ये हार्वर्ड ओरिएंटल मालेत निघाला. ‘ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ (१९५६) आणि ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) या ग्रंथांनी प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाला वेगळी दिशा दिली.

वादग्रस्त लेखन

१९५९ मध्ये कृषी-संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात त्यांनी रीमान गृहीतकाची सिद्धता दिल्याचा दावा केला. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही आणि त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण झाले नाही. त्यानंतरचे काही गणिती निबंध त्यांनी एस. डुक्रे या टोपणनावाने लिहिले.

उद्धरण-प्रभाव

विज्ञानातील उद्धरणांची पद्धतशीर सूची १९६४ पासून निघू लागली आणि एच-निर्देशांक २००५ मध्ये मांडला गेला. कोसंबींचे बहुतेक लेखन त्याआधीचे आहे. एच-निर्देशांकात एखादा ग्रंथ कितीही वेळा उद्धृत झाला तरी एकच नोंद धरला जातो; टोपणनावाचे लेख मूळ लेखकाच्या खाती आपोआप जमा होत नाहीत; आणि नावाने रूढ झालेले सूत्र संदर्भाविनाच वापरले जाते. जनुकशास्त्रज्ञ, अभियंते व इतिहासकार यांच्यापैकी प्रत्येकाला त्यांच्या कार्याचा एकच भाग परिचित असतो.

विखुरलेले लेख एकत्र करण्याचे काम पुढे झाले. भारतविद्येवरील निबंधांचा ब्रजदुलाल चट्टोपाध्याय संपादित संग्रह २००२ मध्ये, तर गणित व संख्याशास्त्रावरील निवडक लेखांचा रामकृष्ण रामस्वामी संपादित संग्रह २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय टपाल खात्याने २००८ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले.