पाच बिटांची काटकसर

१/ १९८० चे दशक, स्टॅनफर्ड. एकच संदेश अनेक संगणकांना, पण केवळ इच्छुकांनाच कसा पोहोचवावा? स्टीव्ह डीअरिंग यांचे उत्तर होते मल्टिकास्ट. १९८९ मध्ये त्याचे मानक सिद्ध झाले.

२/ गटाचा क्रमांक २८ बिटांचा. तो इथरनेटच्या पत्त्यात पूर्ण मावण्यासाठी १६ पत्तासंच हवे होते. प्रत्येकी १००० डॉलर. असे सांगतात की, जॉन पोस्टेल यांनी एकच संच घेतला आणि त्यातलाही अर्धाच दिला. हाती आले २३ बिट. म्हणजे ३२ गटांना एकच पत्ता.

३/ १९९८ च्या ८०२.१क्यू मानकाने व्हीलॅनच्या भिंती प्रमाणित केल्या. परंतु भिंतीच्या आत मल्टिकास्टचा पूर प्रत्येक पोर्टवर जातच राहतो. तो अडवण्यासाठी स्विच सदस्यत्वाचे निरोप ऐकतो. हेच आयजीएमपी स्नूपिंग.

४/ मात्र केवळ इथरनेट पत्ता पाहणाऱ्या स्विचला ते ३२ गट वेगळे ओळखता येत नाहीत. वाचवलेल्या डॉलरांची किंमत जाळे आजही मोजते.