हंसा वाडकर कोण होत्या? 'भूमिका' सिनेमामागची खरी नायिका

१९७७ साली आलेल्या श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'साठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो सिनेमा ज्यांच्या आत्मकथनावर बेतला होता, त्या अभिनेत्री म्हणजे हंसा वाडकर.

त्यांचं मूळ नाव रतन साळगावकर. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे खेळण्याच्या वयातच त्या सिनेमात आल्या. १९३६ चा 'विजयाची लग्ने' हा त्यांचा पहिला चित्रपट. पुढे प्रभातच्या 'संत सखू'मध्ये (१९४१) त्या सखू झाल्या, तर 'लोकशाहीर रामजोशी'मध्ये (१९४७) तमाशातली बया. १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो शंभराहून जास्त आठवडे चालला.

पडद्यावर टाळ्या मिळत होत्या, घरात मात्र सुख नव्हतं. कमाई त्यांची, पण आयुष्याचे निर्णय दुसऱ्यांच्या हातात. फसलेला संसार, दारूचं व्यसन, मराठवाड्यातल्या एका खेड्यात बंदिस्त काढलेले दिवस, हे सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं. आपल्या चुकाही लपवल्या नाहीत. अरुण साधू यांनी ते शब्दांत उतरवलं. आधी 'माणूस'मधून आणि १९७० मध्ये पुस्तकरूपात ते वाचकांसमोर आलं. नाव तेच, 'सांगत्ये ऐका'.

पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, हंसाबाई गेल्या. वय पन्नाशीच्या आतच होतं. 'भूमिका' त्यांना पाहता आला नाही. पण नट्यांबद्दल लोक कुजबुजत असत त्या काळात, आपली गोष्ट त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगू दिली नाही.