विष्णू, शिव आणि ५१८ एकर

ग्रँड कॅन्यनला जायचं म्हटलं की पहिला घोळ इथेच होतो, की नक्की कुठल्या काठावर जायचं? दक्षिण, उत्तर, की तो काचेचा पूल असलेला पश्चिम? ऑक्टोबरात आई-बाबा यायचेत आणि मी फिनिक्समध्ये राहतो. दक्षिण काठ गाडीने साडेतीन-चार तासांवर. म्हणजे उत्तर सोपं होतं (उत्तर म्हणजे जबाब, दिशा नव्हे! उत्तर काठावरचं जुनं लॉज जुलै २०२५च्या वणव्यात जळलं, त्यामुळे तो काठ यादीतून आधीच बाद.) पण दोन विकांत एक्सेलशीट रंगवता रंगवता मी इतिहासात घुसलो आणि शीट राहिली बाजूला.

आमचं गाव कारंजा (घाडगे). कारंजा लाड वेगळं, ते वाशीम जिल्ह्यात. आमचं वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-अमरावती रस्त्यावरचं, संत्र्यांचं. बाबांना फोनवर बेत सांगितला तर म्हणाले, "इतक्या दूर खड्डा पाहाले जाचं का बे?"

हसू नका मंडळी. पहिल्या पाहुण्यांचं मत याहून फार वेगळं नव्हतं. १५४० साली गार्सिया लोपेझ दे कार्देनास हा स्पॅनिश अधिकारी होपी वाटाड्यांबरोबर दक्षिण काठावर पोचला. त्याची तीन माणसं नदीकडे उतरायला निघाली, जेमतेम एक तृतीयांश उतरली आणि हात हलवत परत आली. वरून माणसाएवढे दिसणारे खडक जवळून सेव्हिलच्या मनोऱ्यापेक्षा उंच निघाले म्हणे. मंडळी निघून गेली, आणि पुढची दोनशेहून जास्त वर्षं युरोपियनांनी इकडे ढुंकून पाहिलं नाही. १८५८ मध्ये अमेरिकन लष्कराचा लेफ्टनंट आइव्ह्ज आला. त्याच्या अहवालाचा सूर असा, की इथे येणारे आम्ही पहिले गोरे आणि बहुतेक शेवटचेच, कारण इथे कमावण्यासारखं काही नाही. हल्ली वर्षाला ४० ते ५० लाख लोक येतात. असो.

म्हणजे खड्डा तोच, पण तो 'बघण्यासारखा' आहे हे कोणीतरी शिकवावं लागलं. १८६९ मध्ये एका हाताचा मेजर पॉवेल (दुसरा यादवी युद्धात गेला होता) चार होड्या आणि नऊ साथीदार घेऊन निघाला, कोलोरॅडो नदीतून या दरीत शिरला आणि दोन होड्या व पाच साथीदारांनिशी बाहेर पडला. ती गोष्ट थरारक आहे, पण माझा माणूस त्याच्यानंतरचा. क्लॅरेन्स डटन. लष्करातला कॅप्टन, भूगर्भशास्त्रज्ञ, आणि भलताच वाचणारा. १८८२ मध्ये त्याचा या दरीवरचा ग्रंथ निघाला. आल्प्सची मोजपट्टी इथे चालणार नाही, नजर नव्याने तयार करावी लागेल, असं त्याचं म्हणणं. दरीतून उठलेल्या, थरांवर थर चढलेल्या सुळक्यांत त्याला पूर्वेकडची देवळं दिसली. म्हणून एकाचं नाव त्याने ठेवलं 'विष्णू टेम्पल', दुसऱ्याचं 'शिवा टेम्पल'. पुढे नकाशे करणाऱ्यांनी तीच रीत चालवली. ब्रह्मा, देवा, मनू, बुद्ध, झोरोॲस्टर ही टेम्पल्स आली. कृष्ण आणि राम यांना 'श्राइन' मिळालं. तळाशी जो अतिप्राचीन काळा खडक आहे तोही 'विष्णू शिस्ट', वय सुमारे १७५ कोटी वर्षं.

ही नावं बघून आपल्याकडच्या एखाद्या काकांची छाती फुगते आणि 'प्राचीन काळी आपले लोक तिथे होते'चा फॉरवर्ड येतो. काका, तसं काही नाही. एका वाचणाऱ्या कॅप्टनला उपमा सुचली, आणि नकाशा त्याच्या हातात होता. एवढंच.

पण मला अडवलं ते त्या सालाने. १८८२. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आर्थर यांच्या आदेशाने हवासुपाई लोकांची राखीव जमीन ठरली ५१८ एकर. हवासुपाई म्हणजे निळ्या-हिरव्या पाण्याचे लोक. उन्हाळ्यात दरीच्या कुशीत मका-घेवडा पिकवायचा, हिवाळ्यात वर पठारावर शिकारीला जायचं, असं त्यांचं वर्ष. पठार गेलं, उरला दरीतला एक तुकडा. ५१८ एकर म्हणजे किती? आमच्याकडच्या पाच-पाच एकरवाल्या शंभर कास्तकारांचं रान. तेवढ्यात आख्खी जमात! ज्या वर्षी दरीला आपल्या देवांची नावं मिळत होती, त्याच वर्षी तिथल्या माणसांना बांध घालून मिळत होता.

पुढचं सगळं वाटेने घडलं. आज पर्यटक ज्या 'ब्राइट एंजल' वाटेने उतरतात ती मुळात हवासुपाईंची, पाण्याकडे जाणारी पायवाट. राल्फ कॅमेरॉन नावाच्या खटपट्या माणसाने तिच्यावर हक्क सांगून माणशी एक डॉलर टोल घेतला. १९०१ मध्ये विल्यम्सहून रेल्वे काठापर्यंत आली, १९०५ मध्ये एल तोवार हॉटेल उघडलं, १९०८ मध्ये रूझवेल्टने दरीला राष्ट्रीय स्मारक केलं, १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. कॅमेरॉनसारख्यांच्या तावडीतून दरी सुटली हे चांगलंच झालं. सरकार नसतं तर आज तिथे काय काय उभं राहिलं असतं कोण जाणे. पण त्याच वाटेवर झऱ्याकाठी हवासुपाईंची शेती होती. तिथला शेवटचा रहिवासी, बरो, याला १९२८ मध्ये उद्यानाने उठवलं. आणि त्या जागेचं नाव काय राहिलं? 'इंडियन गार्डन'! (आमच्या आईने पाटी वाचून पहिल्यांदा काय समजलं असतं याची कल्पना करा.) १९७५ मध्ये कायद्याने सुमारे १,८५,००० एकर परत मिळाले. नाव मात्र २०२२ पर्यंत थांबलं, तेव्हा त्याचं 'हवासुपाई गार्डन्स' झालं. त्यांच्या सुपाई गावाला आजही मोटाररस्ता नाही, टपाल खेचरांवरून जातं.

जंगल वाचवायचं तर गाव उठवायचं हे आपल्यालाही काही नवीन नाही. या शतकाच्या सुरुवातीला मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावं व्याघ्रप्रकल्पातून हलली. वाघ हवा की गाव, असा प्रश्न शहरात बसून विचारायला सोपा असतो. मीही शहरातच बसलोय म्हणा.

आता पश्चिम काठ. २००७ मध्ये उघडलेला तो काचेचा स्कायवॉक राष्ट्रीय उद्यानात नाही, हुआलापाई जमातीच्या स्वतःच्या जमिनीवर आहे. 'महागडा, फोटोही काढू देत नाहीत, पैसे वाया' असं इथल्या मराठी ग्रूपवर हमखास ऐकू येतं. ऐकायला पटतं, पण तिकीट निदान ज्यांची जमीन त्यांच्या गल्ल्यात जातं. यंदा लांब पडतो म्हणून सोडला, नाहीतर गेलो असतो.

तर दक्षिण काठ नक्की. यावापाई संग्रहालयापासून काठाकाठाने 'ट्रेल ऑफ टाइम' नावाची सपाट वाट आहे. इथे एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. कारंज्याची काळी माती ज्या लाव्हाच्या खडकापासून झाली, तो आजपासून मागे चालत गेलं की ६६व्या मीटरवर येतो. काठावरचा चुनखडक २७०च्या आसपास, आणि विष्णू शिस्ट पार पावणेदोन किलोमीटरवर. बाबांच्या गुडघ्यांना तेवढं झेपेल. हवासुपाई गार्डन्सला उतरणं मात्र नाही जमायचं, ती साडेचार मैल आणि तीन हजार फूट खाली. पण वरून ती दिसतात. लाल खडकांच्या मधोमध कॉटनवूडच्या झाडांचा एक हिरवा पट्टा, झऱ्याच्या कडेने.